परातीतलं सोयाबीन आणि सात चौकटी



मागच्या मे महिन्यात आम्ही, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायांनी, मोबाईलवर दोन मिनिटांची सरावाची फिल्म काढली. विषय घरचाच होता, सोयाबीनची उगवण तपासणी. पहिल्या खेपेला ती पार फसली, दुसऱ्या खेपेला जमली. कशी, ते सांगतो.

सरावाला बियाणंच का घेतलं? ही युक्ती आमची नाही, दादासाहेब फाळक्यांची. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. मोठ्या सिनेमाला पैसा हवा होता, पण कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर भराभर वाढताना दिसला आणि कर्ज देणारा तयार झाला. त्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. पुढे ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामतीचं काम पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. पण पडद्यामागं बाई होतीच. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायची रसायनं तयार करायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. दागिनेही त्यांचेच गहाण पडले.

आता आमचं ऐका. पहिल्या दिवशी फोन हातात धरला, परातीतल्या दाण्यांचा व्हिडिओ घेतला, झालं. दुसऱ्या दिवशी दुसरीनं घेतला, तिच्या उंचीवरून. सहा दिवसांचे तुकडे जोडले तर परात कधी इकडं, कधी तिकडं उडत होती. कोंब दिसतच नव्हते. आवाजात नुसता कूलर. आणि पाचव्या दिवशीचा तुकडा नाहीच, कारण फोन सुप्रभातच्या फोटोंनी भरलेला! एक काकू म्हणाल्या, "माय, हे पाहून तर चक्कर येते."

मग कागद घेतला आणि सात चौकटी आखल्या. एका चौकटीत एकच दृश्य. काय दिसेल, कोण काय बोलेल, फोन कोणाकडं. पहिलीत धान्याची कोठी. दुसरीत १०० दाणे मोजणारे हात. निवडून टपोरे दाणे नाही घ्यायचे, जसे येतील तसे, नाहीतर तपासणीच खोटी. तिसरीत ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी. चौथीत अंकुर, पाचवीत मोजणी, सहावीत हिशेब, सातवीत गटातली एक जण बोलते. चेहरा दाखवायचा की नाही, हे ज्याचं तिला आधीच विचारलं. दोघींनी नको म्हटलं, त्यांचे हातच घेतले. एकीच्या बांगड्यांवरून अख्ख्या गावानं तिला ओळखलं, ती गोष्ट वेगळी.

खरी मेहनत चौथ्या चौकटीची. दोन डब्यांवर फळी ठेवली, फोन आडवा टेकवला, फोन आणि परात दोन्हींच्या कडेनं खडूनं रेघ मारली. रोज सकाळी आठ वाजता, त्याच खिडकीच्या उजेडात, मनात दहा आकडे मोजेपर्यंतच चित्रण. दुपारी समोरच्या टिनाची तिरीप येते, दाणे पांढरे पडतात. बोलायच्या वेळी कूलर बंद. दोन मिनिटं घाम निघतो, पण शब्द ऐकू येतो.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. चित्रणासाठी परात रोज उघडली की ओल उडते आणि काही दाणे कोंब धरत नाहीत. म्हणून मोजणीचे १०० दाणे वेगळे ठेवले: गोणपाटाची गुंडाळी, सावलीत, रोज पाणी शिंपडून. ती सातव्या दिवशीच उघडली.

दाणे उगवले ६१. ज्यांच्या कोठीतलं बियाणं होतं त्या गप्पच झाल्या. सोयाबीनला निदान ७० हवेत. तेवढे आले तर एकरी ३० किलो बियाणं, आणि पुढं जितके दाणे कमी तितकं अर्धा-अर्धा किलो वाढवायचं. नऊ कमी, म्हणजे साडेचार किलो जास्त. त्यांनी साडेचौतीस किलोच्या हिशेबानं पेरलं. हा हिशेब पेरणीआधी कळला, नाहीतर विरळ उगवलेल्या वावरात दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला असता. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, पोती आपटली तरी उगवण घटते. नुसतं पाहून कळत नाही.

फिल्म ग्रामसंघाच्या बैठकीत लावली. संपल्यावर टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. तिघींनी विचारलं, गोणपाट किती मोठं घ्यायचं? हातभर लांब पुरतं. आणि फोनमधले जुने फोटो आदल्या रात्रीच काढून टाका.