चोवीस फ्रेटची गिटार घ्यावी का?

या गणपतीत बेळगावला ताईकडे गेलो, तर भाच्याची इलेक्ट्रिक गिटार कपाटावर चढलेली. दीड वर्षापूर्वी याच पोराने हट्ट करून, आजोबांना मध्ये घालून ती घ्यायला लावली होती. विचारलं तर ताई म्हणाली, "क्लासमधून सांगितलं, याला कान नाही म्हणून. कॉर्ड वाजवली की बेसुरी लागते. मग कशाला फी भरत बसायची?"

भाच्याचं म्हणणं वेगळंच. "मामा, माझ्या गिटारला बावीसच फ्रेट आहेत. मित्राच्या गिटारला चोवीस आहेत. त्याची किती छान वाजते!"

मी गिटार खाली काढली, धूळ पुसली, तारा ट्यूनरवर लावल्या आणि त्याला सी कॉर्ड वाजवायला सांगितली. खरंच बेसुरी लागली. पण माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. कॉर्ड वाजताक्षणी त्याने तोंड वाकडं केलं. ज्याला कान नाही तो तोंड कशाला वाकडं करेल? गडबड वाद्यात होती. मात्र फ्रेट बावीस असण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

आपल्या बऱ्याच घरांत आता हार्मोनियमच्या शेजारी गिटार दिसते आणि ती घेताना "किती फ्रेटची?" हा प्रश्न मोबाइलच्या रॅमसारखा विचारला जातो. म्हणून हा विषय जरा नीट मांडावा म्हटलं.

फ्रेट म्हणजे आपला पडदाच

सतारीवर ज्याला आपण पडदा म्हणतो, तोच गिटारचा फ्रेट. फरक एवढाच, की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे थोडे सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात खाच पाडून पक्के बसवलेले. त्यांच्या जागा हिशेबाने ठरतात. दर फ्रेटला तारेची उरलेली लांबी साधारण १.०५९५ ने भागायची. असं बारा वेळा भागलं की लांबी बरोबर निम्मी होते आणि स्वर वरच्या सप्तकात जातो. आणखी बारा वेळा भागलं की लांबी चौथाई राहते. म्हणजे २४ फ्रेट असले की एका तारेवर पूर्ण दोन सप्तकं मिळतात. सरस्वती वीणेलाही २४ पडदे असतात, तेही याच हिशेबाने.

१९५२ च्या गिब्सन लेस पॉलला २२ फ्रेट होते, १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला २१. चोवीस फ्रेटची चाल १९८० च्या दशकात वेगवान रॉक वादनाबरोबर जोरात वाढली. १९८५ मध्ये पीआरएस कंपनीची कस्टम आली, १९८७ मध्ये स्टीव्ह वाय यांच्यासाठी आयबानेझने केलेली जेम आली.

दोन फ्रेट वाढले म्हणजे काय वाढलं?

मिळतात ते वरचे दोन अर्धस्वर, बस. सर्वांत बारीक तारेवर २२ वा फ्रेट डी देतो आणि २४ वा ई. २२ व्या फ्रेटवर तार ओढून, सतारीवर मींड घेतात तशी, वरचा ई काढता येतोच. ज्यांना तो स्वर पटापट आणि पुन्हा पुन्हा लागतो, त्यांना २४ फ्रेटचा खरा उपयोग.

अनेकांना वाटतं, की फ्रेट वाढले म्हणजे तारेची लांबी वाढली किंवा फ्रेट जवळ जवळ आले. तसं नसतं. फेंडरच्या तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर. ती तेवढीच ठेवून २४ फ्रेट केले, तरी पहिले बावीस जागचे हलत नाहीत. दोन फक्त शेवटी जोडले जातात, आणि तेही अगदी चिंचोळे. पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३६ मिलिमीटर असतं, तर २३ ते २४ मधलं जेमतेम साडेनऊ. जाड बोटांना तिथे दाटीच होते.

पिकअप सरकतो, आवाज बदलतो

फ्रेटच्या संख्येचा आवाजावर जो परिणाम होतो, तो असा आडवाटेने होतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर २२ वा फ्रेट ब्रिजपासून सुमारे १८२ मिलिमीटरवर येतो आणि २४ वा १६२ वर. म्हणजे फ्रेटबोर्ड दोन सेंटिमीटर पुढे येतो. स्ट्रॅटोकास्टरचा मानेजवळचा पिकअप जवळपास याच १६२ मिलिमीटरच्या जागी बसवलेला असतो. ती जागा फ्रेटबोर्डने घेतली की पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं.

तार मध्याकडे जास्त झुलते, ब्रिजजवळ कमी. मध्याकडचा पिकअप गोल, भरीव आवाज उचलतो, ब्रिजजवळचा धारदार आणि पातळ. त्यामुळे २४ फ्रेटच्या गिटारवर मानेकडचा पिकअप थोडा कमी गोल आणि जास्त स्पष्ट वाजतो. भरपूर डिस्टॉर्शन लावून जलद वाजवणाऱ्याला ही स्पष्टता हवीशी वाटते. शांत ब्लूज किंवा जुन्या हिंदी गाण्यांचे तुकडे वाजवणाऱ्याला जुना गोडवा हरवल्यासारखं वाटतं.

"२४ व्या फ्रेटच्या जागी तारेचा खास बिंदू असतो, म्हणून तिथला आवाज गोड," असंही सांगतात. मोकळ्या तारेपुरतं ते खरं आहे. तिथे दुसरा हार्मोनिक सर्वांत जोरात असतो आणि चौथा जवळपास गप्प असतो. पण पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलं, की तारेची लांबीच बदलते आणि तो बिंदू दुसरीकडे जातो. पिकअप मात्र जागेवरच राहतो. तेव्हा एका बिंदूची जादू सोडून द्या. पिकअप ब्रिजपासून किती लांब आहे, एवढंच बघा.

हाताला जाणवतं ते वेगळंच

रोज वाजवताना संख्येपेक्षा चार गोष्टी जास्त जाणवतात.

पहिली, तारेची लांबी. गिब्सनची साधारण ६२८ मिलिमीटर. त्याच तारा त्याच स्वरात लावल्या, तर फेंडरपेक्षा ताण सुमारे सहा टक्के कमी पडतो. तार मऊ लागते, ओढायला सोपी जाते.

दुसरी, फ्रेटची उंची-रुंदी. जुन्या धाटणीचे फ्रेट दोन मिलिमीटर रुंद आणि १.१ उंच असत. जंबो फ्रेट २.८ रुंद आणि १.४ पर्यंत उंच. उंच फ्रेटवर बोट लाकडाला टेकत नाही, त्यामुळे तार ओढणं सोपं जातं. पण जोरात दाबलं तर तार खाली ताणली जाऊन स्वर चढतो.

तिसरी, फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या फेंडरची त्रिज्या १८४ मिलिमीटर, म्हणजे बरीच गोल. कॉर्ड धरायला हाताला बरी, पण तारा खाली ठेवल्या असतील तर ओढलेली तार वरच्या फ्रेटना घासून दबून जाते. गिब्सनची ३०५, म्हणजे बरीच सपाट. तिथे हा त्रास कमी.

चौथी, धातू. बहुतेक फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट फार वर्षं टिकतात आणि गुळगुळीत लागतात. आवाजातला फरक असला तरी बारीक.

याहून पुढे गेलेलेही आहेत. फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलं, की बोटाखाली फक्त तार उरते. रिची ब्लॅकमोर आणि इंग्वे माल्मस्टीन अशा गिटारवर वाजवतात. शक्ती या गटात झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर वाजवणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिन यांनीही असा फ्रेटबोर्ड करून घेतला होता. त्यामागची प्रेरणा वीणेची.

मग भाच्याच्या गिटारचं काय झालं?

मी बी तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा सी ट्यूनरवर तपासला. तो वीस सेंट चढा होता. दोन शेजारच्या फ्रेटमधलं अंतर शंभर सेंट असतं, म्हणजे पाचवा हिस्सा चढा. मोकळ्या तारा सुरात आणि दाबलेल्या चढ्या. अशी कॉर्ड कोणीही धरली तरी बेसुरीच लागणार.

कारणं तीन होती. नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नव्हत्या, म्हणून पहिल्या फ्रेटवर तार फार खाली दाबावी लागत होती. फ्रेट जंबो होते. आणि आवाज नीट येत नाही म्हणून पोरगा आणखी जोराने दाबत होता.

शिवाय घरात आजोबांचा तानपुरा रोज लागतो. त्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा गिटारचा गांधार मुळातच १४ सेंट चढा असतो, कारण बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यात ही भर. त्याचा कान चांगला होता, म्हणूनच त्याला ती कॉर्ड सहन होत नव्हती!

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी नटच्या खाचा घासल्या, दोन उंच राहिलेले फ्रेट समतल केले, ब्रिजवर तारांची लांबी जुळवून दिली. दोन तासांचं काम. नव्या गिटारच्या किमतीपुढे खर्च काहीच नाही.

घेण्याआधी दहा मिनिटं

दुकानात गेलात तर फोनवर ट्यूनर उघडा. मोकळी तार लावून पहिला आणि बारावा फ्रेट हलक्या हाताने दाबून तपासा. दोन्ही सुरात यायला हवेत. प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट वाजवत जा, कुठे खरखर येते का ऐका. पंधराव्या फ्रेटवर तार ओढून बघा, स्वर दबतो का ते कळेल. फ्रेटबोर्डच्या कडेने हात फिरवा. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हाताला टोचतात. हे सगळं जमलं, की मग फ्रेट मोजा.

घरच्यांना एकच विनंती. मूल बेसुरं वाजवतंय असं वाटलं, तर आधी वाद्य कुणाला तरी दाखवा.

भाच्याला २४ फ्रेटची गिटार अजूनही हवीच आहे. ताई म्हणते, दहावीनंतर बघू. सध्या त्याच बावीस फ्रेटवर तो रोज संध्याकाळी बसतो, आणि आजोबा त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवतात.