गळती आहे, पण तेल सांडत नाही!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची मोटार सतरा वर्षांची. एके सकाळी ती फाटकातून बाहेर काढताना स्टिअरिंग एकदम जड लागले. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे चाके वळली, आणि त्याच वेळी बॉनेटखालून कुणी कण्हत असल्यासारखा आवाज आला. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी चक्र दोनदा इकडेतिकडे फिरवून पाहिले आणि निदान सांगून टाकले, "सर, रॅक गेली. आख्खी बदलावी लागेल. बावीस हजार धरून चाला."

स्टिअरिंगच्या बाबतीत चालढकल करणे बरे नाही, हे मला मान्य होते. पण बावीस हजार ही काही लहान रक्कम नव्हे. शिवाय भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. काय बिघडले हे ऐकले, की 'कशावरून?' असे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. म्हणून मी दोन रविवारांची मुदत मागून घेतली. तोवर मोटार रस्त्यावर न्यायची नाही, असेही ठरवले. नववीत शिकणारी माझी मुलगी मदतनीस झाली. आम्ही काय पाहिले आणि कुठे फसलो, ते तुम्हांला सांगतो. पण त्याआधी हे यंत्र कसे चालते ते समजून घेऊ.

तेलाचा मदतनीस

उभ्या मोटारीची चाके वळवायला इतका जोर का लागतो? अशा लहान मोटारींत एंजिन पुढे असल्याने निम्म्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असते. चाक जागच्या जागी वळवायचे, म्हणजे एवढ्या वजनाखाली दबलेले टायरचे रबर जमिनीवर घासत फिरवायचे. मोटार चालू लागली की चाक गडगडत वळते आणि काम पुष्कळ सोपे होते. म्हणूनच स्टिअरिंग सर्वांत जड लागते ते गाडी उभी करताना किंवा अरुंद फाटकातून काढताना.

अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली दाबाखालच्या तेलाची मदत घेणारे स्टिअरिंग आपल्या मोटारीत बसवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल या मोटारीत ते मिळू लागले. त्यामागचे तत्त्व तर त्याहून कितीतरी जुने आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो.

हा नियम तुम्ही घरी करून पाहू शकता. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक बारीक आणि एक जाड. मत्स्यालयात वापरतात तसल्या पारदर्शक नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि आत पाणी भरा. एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबा आणि जाड सिरिंजचा दट्ट्या दुसऱ्या हाताने अडवून धरा. अडवणाऱ्या हाताला अधिक जोर लावावा लागतो की नाही? दोन्हीकडे दाब सारखाच आहे, पण जाड दट्ट्याचे क्षेत्रफळ मोठे आहे. ते बारीक दट्ट्याच्या ३ पट असेल, तर बलही सुमारे ३ पट मिळते.

मोटारीत हा दाब एंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप देतो. दर चौरस सेंटिमीटरवर ७० किलोग्रॅम वजनाइतका दाब त्याला सहज देता येतो. चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याला, म्हणजे रॅकला, एक दट्ट्या जोडलेला असतो. त्याचे क्षेत्रफळ समजा ८ चौरस सेंटिमीटर आहे. मग ७० × ८ = ५६० किलोग्रॅम वजनाइतके बल चाकांना वळवायला मिळते. पाच क्विंटलांहून अधिक!

पण कोणत्या बाजूला मदत करायची, हे तेलाला कसे कळते? स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे रॅकला मिळतो, तिथे एक बारीक पोलादी कांब असते. तुम्ही चक्र फिरवता आणि चाके अडून बसतात, तेव्हा ही कांब किंचित पिळली जाते. त्या पिळाने एक झडप फिरते आणि तेल दट्ट्याच्या योग्य बाजूला शिरते. चाके वळली की पीळ सुटतो, झडप पूर्ववत होते आणि तेल नुसतेच टाकीत परत जाऊ लागते. तेलाची मदत बंद पडली, तरी चक्र आणि चाके यांच्यातला पोलादी सांधा शाबूतच असतो. गाडी वळते, फक्त फार जड वळते.

एकेक संशयित वगळताना

पहिल्या रविवारी आम्ही सर्वांत सोप्या आणि फुकट तपासण्यांपासून सुरुवात केली. टायरमध्ये हवा कमी असली, तरी स्टिअरिंग जड होते. हवा मोजली, ती बरोबर होती. मग एंजिन बंद ठेवून पंपाचा पट्टा पाहिला. तो ढिला असला तर घसरतो आणि चिरका आवाज करतो. आमचा पट्टा ताठ होता आणि आवाजही चिरका नव्हता, कण्हल्यासारखा होता. चक्र डावीकडे व उजवीकडे सारखेच जड लागत होते.

त्यानंतर तेलाची टाकी उघडली. तेल खालच्या खुणेच्या थोडे खाली होते. मुलीने विजेरीचा झोत आत टाकला आणि म्हणाली, "बाबा, हे तेल आहे की उसाचा रस?" तेलावर चक्क फेस होता.

फेस म्हणजे हवा. तेल दाबले तर जवळजवळ आकसत नाही, पण हवा आकसते. मघाच्या सिरिंजमध्ये आता मुद्दाम मोठा बुडबुडा राहू द्या आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या आत जातो, बुडबुडा लहान होतो, पण पलीकडचा दट्ट्या आळसावल्यासारखा हलतो. आमच्या स्टिअरिंगचे नेमके हेच झाले होते. पंपात सापडलेले बुडबुडे फुटताना होणारा आवाज म्हणजेच ते कण्हणे.

इथे मिस्त्रींच्या निदानाविषयी पहिली शंका आली. रॅकच्या आतले सील गेले, तर तेल दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटते आणि स्टिअरिंग जड होते, हे खरे. पण त्यामुळे तेलात हवा का मिसळावी?

तेल कमी, म्हणून पंप हवा ओढतो, असा सरळ तर्क मी केला. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच तेल आणून खुणेपर्यंत भरले. मोटारीचा पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवला. एंजिन बंद ठेवूनच चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवले. बुडबुडे वर येत गेले, तसतशी तेलाची भर घातली. मग एंजिन सुरू करून तेच पुन्हा केले. स्टिअरिंग लोण्यासारखे फिरू लागले! मी खूष झालो.

दुसऱ्या रविवारी अंगणातच एंजिन सुरू केले आणि पाच मिनिटांत तेच कण्हणे ऐकू आले. टाकीत पाहिले, तर तेल खुणेपाशीच होते, आणि पुन्हा फेस! म्हणजे तेल कमी असणे हे हवा शिरण्याचे कारण नव्हतेच. मी लक्षणाला औषध दिले होते, रोगाला नाही.

शहाळ्याच्या नळीचे कोडे

रात्रभर मोटारीखाली पुठ्ठा अंथरला होता. त्यावर तेलाचा एकही थेंब नव्हता. मुलीचा प्रश्न रास्त होता: "तेल बाहेर येत नाही, तर हवा आत जाईल कुठून?"

याचे उत्तर शहाळ्याच्या नळीत आहे. नळीला पाण्याच्या पातळीच्या वर टाचणीने छिद्र पाडा आणि शहाळे प्या. छिद्रातून पाणी बाहेर गळत नाही. उलट हवाच आत शिरते आणि तोंडात पाण्याबरोबर बुडबुडे येतात. तुम्ही ओढता तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. प्रवाह नेहमी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. मग छिद्रातून बाहेरचीच हवा आत येणार!

आता स्टिअरिंगचे पाइप आठवा. पंपाच्या पुढच्या पाइपात प्रचंड दाब असतो. तो फुटला तर तेल बाहेर उडेल आणि जमिनीवर दिसेल. पण टाकीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या पाइपात पंप तेल ओढत असतो. तिथे शहाळ्याच्या नळीसारखी स्थिती असते. तिथली फट तेल सांडणार नाही, ती हवा पिईल.

हा पाइप वीतभर लांबीचा, रबरी आणि टाकीखाली सहज दिसणारा होता. सतरा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झाले होते. पंपाकडच्या क्लिपेभोवती धुळीचे ओलसर कडे जमले होते. मोटार उभी असताना पंप ओढत नाही, त्या वेळी तिथून तेल अगदी थोडे पाझरत असणार. टाकीतले तेल कमी झाले ते असे.

तरीही 'कशावरून?' हा प्रश्न उरतोच. एंजिन सुरू ठेवून, पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवून, मी त्या सांध्यावर लांब ड्रॉपरने त्याच तेलाचे काही थेंब सोडले. क्षणभर कण्हणे थांबले! फटीतून हवेऐवजी तेल ओढले गेले होते. थेंब संपले आणि आवाज परत आला. तीनदा केले, तीनदा तेच घडले. आता ही अटकळ राहिली नव्हती, तो पुरावा होता.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. एंजिन थंड झाल्यावर टाकीतले तेल सिरिंजने काढले, जुना पाइप सोडवला आणि याच कामासाठी मिळणारा, तेलाने न खराब होणारा नवा पाइप नव्या क्लिपांनी बसवला. साधा पाण्याचा पाइप इथे चालत नाही. ब्रेकचे तेल तर स्टिअरिंगमध्ये चुकूनही घालू नये, त्याने सील फुगून खराब होतात. नवे तेल भरून पहिल्यासारखीच हवा काढली.

हवा पूर्ण गेली की नाही, हे ओळखायला बॉइलचा नियम कामी येतो. एंजिन सुरू असताना टाकीतल्या तेलाची पातळी पाहा, मग एंजिन बंद करून पुन्हा पाहा. दाब उतरताच अडकलेली हवा प्रसरण पावते आणि तेलाला टाकीत वर ढकलते. पातळी लक्षात येण्याइतकी चढली, तर हवा अजून आहे असे समजावे. आमची पातळी जागची हलली नाही. एकूण खर्च आला नऊशे रुपये.

मोटार रस्त्यावर नेण्याआधी मिस्त्रींना बोलावून सगळे सांधे तपासून घेतले. त्यांनी जुना पाइप वाकवून पाहिला, त्यावरच्या चिरा मोजल्या आणि म्हणाले, "हा पाइप द्या सर, पोरांना दाखवतो." तो पाइप आता गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला आहे.

हे मात्र विसरू नका

अशी कामे घरातील जाणत्या माणसाबरोबरच करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नका. चक्र शेवटच्या टोकाला पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नका, तेल भलतेच तापते. दाबाच्या पाइपाची गळती बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरू शकते, आणि तसे झाले तर तडक दवाखाना गाठावा लागतो. तो पाइप, पंप किंवा रॅक बदलणे हे गॅरेजचेच काम आहे.

आज नव्या लहान मोटारींत बहुतेक विजेचे स्टिअरिंग असते. त्यात तेल नाही. दांड्याचा पीळ मोजून विजेची मोटर मदत करते. ते जड झाले, तर समोरचा सूचक दिवा, बॅटरी आणि फ्यूज पाहून पुढचे काम गॅरेजवर सोपवावे.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी एंजिन बंद करणारे लोक तुम्हांला भेटतील. त्यांना आता तुम्ही सांगू शकाल, की एंजिन थांबले की पंप थांबतो आणि ऐन वळणावर ते पाच क्विंटल बल नाहीसे होते. ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. आणि किल्ली पूर्ण फिरवून काढली, तर चक्र कुलूपबंदही होऊ शकते.

सिरिंजचा प्रयोग करून पाहा. आधी बुडबुड्याशिवाय, मग लहान बुडबुडा ठेवून, मग मोठा. प्रत्येक वेळी बारीक दट्ट्या किती सरकवल्यावर पलीकडचा हलू लागतो, ते पट्टीने मोजून वहीत लिहा. आमच्या स्टिअरिंगला त्या सकाळी काय झाले होते, हे तुमचेच आकडे तुम्हांला सांगतील.