आठवण कोणाला वगळते?

मंडळी, मागच्या वेळी आपण स्मृती आणि अनुभव यांतला भेद पाहिला. न्यायदर्शन स्मृतीला ज्ञान म्हणतं, पण प्रमा म्हणत नाही. प्रत्यक्षात वस्तू इंद्रियांसमोर असते. स्मृतीत उरतो तो फक्त तिचा संस्कार. आज हाच धागा पुढे नेऊ, मात्र उदाहरण पोथीतलं घेणार नाही.

आमचे एक शाळासोबती स्थापत्य अभियंता आहेत. १९७७ साली ते आखातात गेले. तो काळ आठवून बघा. १९७३ च्या ऑक्टोबरातल्या युद्धानंतर काही महिन्यांतच तेल जवळजवळ चौपट महागलं. त्या पैशातून बंदरं, रस्ते, रुग्णालयं उभी राहू लागली. १९७९ मध्ये दुबईत जेबेल अली बंदर सुरू झालं, त्याच वर्षी तिथलं ३९ मजली ट्रेड सेंटर उघडलं. तेव्हा त्याच्या आसपास बहुतेक वाळूच होती. इतकी कामं निघाली की तिशीतला हुशार इंजिनिअर दहा वर्षांत स्वतःचं सल्लागार कार्यालय थाटू शकत असे. आमच्या मित्रांनी ते केलं.

आता वयाच्या पंचाहत्तरीत ते त्या दिवसांविषयी बोलतात तेव्हा आवाज बदलतो. पैशाबद्दल क्वचितच बोलतात. बोलतात ते रात्री काँक्रीट ओतण्याबद्दल. दिवसा तापमान ४५ अंशांवर जाई, म्हणून मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घालावा लागे. आणि प्रत्येक गप्पांच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: ‘तेव्हा आमच्या सहीला किंमत होती.’

या वाक्याचा अर्थ कळायला त्या व्यवसायाची रचना पाहावी लागते. सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिडिक, १९१३ साली स्थापन झाला. बांधकामासाठीचा त्यांचा लाल मुखपृष्ठाचा नमुना करार १९५७ सालचा. त्यात मालक आणि कंत्राटदार करार करतात आणि दोघांच्या मध्ये ‘इंजिनिअर’ उभा असतो. त्याची फी मालक देतो. तरी वाद झाला तर त्याने दोघांकडे सारख्या नजरेने पाहून निर्णय द्यायचा. मीठ एकाचं खायचं आणि न्याय दोघांना द्यायचा! १९८७ च्या चौथ्या आवृत्तीत हा निःपक्षपातीपणा स्पष्ट शब्दांत आला. १९९९ मध्ये चित्र पालटलं. इंजिनिअर हा मालकाच्या वतीनेच काम करतो असं मानलं गेलं, आणि वादांसाठी वेगळं मंडळ आलं. २०१७ च्या आवृत्तीने निर्णय देताना तटस्थ राहण्याची अट पुन्हा घातली. म्हणजे आमच्या मित्रांची हळहळ निव्वळ म्हातारपणाची नाही. काहीतरी खरोखर हरवलं होतं.

गतकाळाच्या ओढीला युरोपात पहिल्यांदा नाव दिलं ते एका वैद्यकीय प्रबंधात. १६८८ साली योहानेस होफर यांनी घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या झुरण्याला आजार ठरवलं. पुढे कांटने १७९८ च्या मानववंशशास्त्रावरील ग्रंथात मार्मिक निरीक्षण नोंदवलं. हे लोक गावी परततात आणि निराश होतात. त्यांना वाटतं गाव बदललं. खरं तर त्यांना हवं असतं ते आपलं तारुण्य, आणि ते गावात मिळत नाही.

कांटचं म्हणणं बरोबर आहे, पण अपुरं आहे असं आम्हाला वाटतं. या ओढीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, गेलेलं वय. त्याला इलाज नाही. दुसरी, गेलेलं मूल्य. त्यासाठी आजही भांडता येतं. या दोन्हींची निवड करणं म्हणजे विवेक. पण निवड करण्याआधी आठवण पुरी आहे का, हे तपासावं लागतं.

एका संध्याकाळी मित्रांच्या घरी त्यांनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीची गोष्ट सांगितली. २८ दिवसांच्या क्यूबची ताकद कमी भरली. भिंतीतून कोअर काढून तपासले, तेही कमी. कंत्राटदार विनवण्या करतोय, मालकाला उद्घाटनाची घाई. यांनी भिंत पाडायला लावली. आम्ही मनापासून दाद दिली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘त्याच आठवड्यात धाकटीला टायफॉइड झाला होता. मी पत्र टाकलं. यांचं उत्तर आलं तेव्हा ती शाळेत जायला लागली होती.’

मित्र बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मला हे आठवतच नाही.’

आम्ही विचारलं, साइटवर मजूर किती होते? ‘चारशेच्या वर.’ नावं? एका सुताराचं आठवलं, एका फोरमनचं. बाकी नाही. त्यांनी आतून जुनी साइट डायरी आणली. रोजच्या पानावर हवामान, किती घनमीटर काँक्रीट, किती मजूर. आकडा होता, माणूस नव्हता.

इथे आमचा मुद्दा आहे. करारात तीन पात्रं: मालक, कंत्राटदार, इंजिनिअर. मित्रांच्या आठवणीतही नेमकी तीच तीन! स्मृतीने कराराचाच साचा उचलला होता. लक्ष जिथे असतं तिथे संस्कार पडतो, आणि जिथे संस्कारच पडला नाही तिथे विसरण्याचाही प्रश्न नाही. भिंतीची गोष्ट खोटी ठरत नाही. ती भिंत पाडणं योग्यच होतं. फक्त ज्या निःपक्षपातीपणाचा त्यांना अभिमान आहे, तो दोन पक्षांपुरता होता. भिंत ओतणारे, पुन्हा पाडणारे आणि गावी आजारी मुलीजवळ बसलेली बाई, यांना त्यात जागा नव्हती.

म्हणून गतकाळाची ओढ वाटली तर लाजू नये. एवढंच विचारावं: या आठवणीत कोण नाही? आणि ज्यांना ठाऊक असेल, त्यांना बोलू द्यावं. आमचे मित्र सध्या नातवंडांसाठी आठवणी लिहीत आहेत. भिंतीच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य त्यांनी वहिनींकडून लिहून घेतलं.

पतंजलींनी स्मृतीला पाच वृत्तींत का बसवलं, ते पुढच्या वेळी पाहू.