भरती-ओहोटी आणि कुलाबा किल्ल्याची अभ्याससहल : मुळशी परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांना गिरिदुर्ग नवे नाहीत. कोरीगड व घनगड हे किल्ले तालुक्यातच आहेत. गिरिदुर्गाची वाट सकाळी जी असते तीच दुपारीही असते. ताम्हिणी घाट उतरून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे गेल्यावर मात्र ही स्थिती पालटते. तेथील वाट दिवसातून दोनदा समुद्राखाली जाते. तरीही सहलीचा दिवस बहुधा रविवार आणि बसची उपलब्धता पाहूनच ठरविला जातो. मग किनाऱ्यावरून किल्ला पाहून परतावे लागते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चढत्या पाण्यातून विद्यार्थ्यांना परत आणावे लागते. प्रस्तुत लेखात या भेटीच्या नियोजनाचा विचार केला आहे.

किल्ल्याचे स्वरूप

किनाऱ्यासमोरील सखल खडकावर १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी महाराजांचे निधन झाले व पुढील काम संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. कान्होजी आंग्रे यांच्या काळात हे आरमाराचे प्रमुख ठाणे बनले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे केलेली स्वारी अयशस्वी ठरली. जमिनीकडून येणाऱ्या पायदळाला ओहोटीचेच काही तास मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे स्थळनिवडीमागील दृष्टी स्पष्ट होते. १८४० मध्ये आंग्रे संस्थान खालसा झाले आणि किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले. आज आतील बहुतेक वास्तूंची जोतीच उरली आहेत.

ओहोटीचे गणित

दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सुटसुटीत हिशेब रूढ आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तीत सहा तास मिळविले किंवा वजा केले की ओहोटीची. चतुर्थीला भरती सुमारे ३ वाजता, तर ओहोटी ९ वाजता. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. पंचांग आणि घड्याळ यांची इतकी सोपी सांगड क्वचितच आढळते.

परंतु केवळ वेळ जुळणे पुरेसे नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खोलवर ओसरते. पण ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. पौडहून पहाटे निघालेली बस तीन-चार तासांनी अलिबागला पोहोचेपर्यंत भरती सुरू झालेली असते आणि संध्याकाळच्या ओहोटीत परतीच्या वाटेवर अंधार पडतो. याउलट अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे अगदी सोयीची. पण तो भांगाचा काळ असल्याने पाणी पुरेसे ओसरत नाही. वेळ सोयीची तेव्हा वाट नाही आणि वाट असते तेव्हा वेळ गैरसोयीची, अशी ही अडचण आहे.

त्यामुळे मधल्या तिथीच उपयोगी पडतात. द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी दुपारी तीन ते पावणेचारच्या दरम्यान येते. मुळशीकडील गटास हे दिवस सर्वांत सोयीचे. पंचमीची ओहोटी पावणेदहाची असल्याने घाटात थोडा उशीर झाला तरी ती हुकते. तिच्यासाठी अलिबागेत मुक्काम करणेच इष्ट. अर्थात हा हिशेब स्थूल आहे. दिनांक निश्चित करण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातील मुंबई बंदराच्या वेळा पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तिथी कोणतीही असो, पायी जाण्याचा विचारही करू नये.

किल्ल्यातील वेळ

पायी जाण्यास ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे साधारण एक-एक तास सुरक्षित मानावा. पाणी उतरत असतानाच निघावे आणि ते वळल्यावर परतीस विलंब करू नये. या अवधीत सर्व काही पाहण्याचा अट्टहास नको. चुन्याविना एकावर एक रचलेले तटाचे प्रचंड चिरे प्रथम पाहावेत. लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर कमी होतो, असे या रचनेचे कारण सांगितले जाते. त्यानंतर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर व चहूकडे खारे पाणी असताना आत टिकून राहिलेला गोड्या पाण्याचा साठा पाहावा. जोडून असलेला सर्जेकोट वेळ उरल्यासच पाहावा.