पाचात एक

चौथीतल्या मुलाने ‘बाजार’ या शब्दावर बोट ठेवले आणि ‘बाजरी’ वाचले. बाईंनी दुरुस्त केले नाही. चार शब्द त्याने बरोबर वाचले होते, तेव्हा वहीत त्याच्या नावापुढे ‘शब्द’ असे लिहून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

पुरंदर तालुक्यातल्या या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत 2023च्या पावसाळ्यात मी गेलो तो एका आकड्यापायी. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2022च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम 20.5 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. 2018मध्ये हे प्रमाण 27.3 टक्के होते. तिथले केंद्रप्रमुख टक्क्यांत बोलत नाहीत. ‘‘पाचात एक,’’ एवढेच म्हणाले. बाईंची चौथी म्हणजे त्याच तुकडीतली मुले. जून 2020मध्ये ती पहिलीच्या पटावर आली, वर्गात आलीच नाहीत. वर्ग उघडला 1 डिसेंबर 2021ला, तोवर ती दुसरीत होती. महिनाभरात पुन्हा कुलूप. घरात फोन एक, आणि तोही वडिलांच्या खिशात.

बाई घेत होत्या ती चाचणी साधी असते. मुलाला जवळ बसवून आधी उतारा द्यायचा. अडला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरे. उतारा जमला तर गोष्ट. पाचपैकी चार शब्द आले की शब्दाची पातळी. मग तिसरी-चौथी मोडून पातळीप्रमाणे गट करायचे आणि रोज तासभर पाठ्यपुस्तक बंद.

हे ‘बंद’ म्हणायला बाईंना धीर लागला. ‘‘पुस्तक मागे पडलं तर मलाच विचारणार ना?’’ केंद्रप्रमुखांनी स्वतः येऊन अक्षरगट घेतला, खाली मांडी घालून बसले, तेव्हा बाईंची धास्ती गेली. या गृहस्थांकडे तेव्हा दोन केंद्रांचा पदभार होता. शिक्षण परिषदेतली सादरीकरणे आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ बाईंनी पाहिले आहेत, त्यांबद्दल त्या वाईट बोलत नाहीत. चांगलेही बोलत नाहीत.

मी मात्र त्या बाजारवाल्या मुलापाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसत होतो. टाळेबंदीत तो कांदा काढायला जात होता. पिशव्यांचा हिशेब तोंडी, चटकन सांगतो. कागदावर मात्र पहिले अक्षर ओळखून उरलेला शब्द अंदाजाने उरकतो. बाईंनी त्याला घरून आडत्याची पट्टी आणायला सांगितली होती. हमाली, तोलाई, वजन. ‘तोलाई’ त्याने अंदाजाने ठोकली नाही, एकेक अक्षर फोडत गेला. पैशाचा कागद होता, चुकून चालणार नव्हते. मग बाईंनी फळ्यावर ‘बाजार’ आणि ‘बाजरी’ शेजारी शेजारी लिहून विचारले, ‘‘काना कुठंय, वेलांटी कुठंय?’’ तो बराच वेळ बघत राहिला.

तेवढ्यात मटकीच्या फोडणीचा वास वर्गात आला आणि बाईंचा फोनही वाजला. शिक्षकांच्या गटावर संदेश होता: माहितीची लिंक आजच चारपर्यंत भरावी. शालेय आहाराची चव घेऊन नोंदवहीत लिहायचे होते, एका मुलाच्या आधारमधले नाव जुळत नव्हते. दुसरे गुरुजी तालुक्याला बैठकीला गेलेले. शब्दगटाचा तास तिथेच संपला. शिक्षकांना बळ द्यायचे म्हणून नवे ॲप येते, नवी पुस्तिका येते; हा तास मात्र कोणी राखून देत नाही. पाचात एक या आकड्याचा दोष मुलांच्या आणि साथीच्या माथी मारणे सोपे आहे. त्या दिवशी माझ्यासमोर वाचन थांबले ते एका लिंकमुळे.

2025च्या जानेवारीत नवा ‘असर’ आला. तिसरीचा आकडा 27.1 टक्क्यांवर, जवळजवळ 2018च्या पातळीला. सगळीकडे आनंद. पण ती तिसरी नव्या मुलांची. पाचात एकवाली तुकडी तोवर पाचवीत पोचली होती आणि पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता. बाईंना फोन करून हे सांगितले. त्यांची शाळा चौथीपर्यंतच, तो मुलगा हायस्कुलात गेलेला. गेला तेव्हा उतारा वाचत होता, गोष्ट राहिली होती.

‘‘तिकडे पाचवीला त्याचे असे गट कोणी पाडलेत का, ते विचारा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी विचारलं तर म्हणतील, बाई, तुमचा काय संबंध?’’