आमच्या घरातला विन्स्टन

अकरावीची परीक्षा संपल्यावर आमच्या कन्येने माझ्या कपाटातून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी काढली, तेव्हा मी मनातून सुखावलो. जेवताना लागलीच व्याख्यानही झोडले. ऑर्वेलचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ चा आणि तोही आपल्या बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील अफूच्या सरकारी खात्यात. स्वतः तरुणपणी ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी. क्षयाने पोखरलेल्या देहाने त्याने स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ही कादंबरी पुरी केली. १९४९ च्या जूनमध्ये ती निघाली आणि १९५० च्या जानेवारीत तो गेला.

“आमटी निवते आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या.

चार दिवसांनी पोरीने विचारले, “बाबा, त्या ओगिल्व्हीचं तुम्हांला काय वाटतं?”

कोण ओगिल्व्ही, मला आठवेना! मग तिनेच सांगितले. कथानायक विन्स्टन सत्य-मंत्रालयात नोकरीला. काम काय, तर वर्तमानपत्रांचे जुने अंक सरकारच्या सोयीने पुन्हा लिहायचे. एका माणसावर वरिष्ठांची मर्जी खप्पा होते. जुन्या भाषणातली त्याची स्तुती काढायची असते. त्या रिकाम्या जागी विन्स्टन ओगिल्व्ही नावाचा एक शूर सैनिक बसवतो. हा सैनिक कधी जन्मलाच नव्हता!

“मला शेवटच्या उंदरांची भीती नाही वाटली,” ती म्हणाली. “हे लिहिताना त्याला मजा येते ना, त्याची वाटली. मनातून सत्तेचा द्वेष करतो आणि काम मात्र किती मन लावून!”

ही कादंबरी मी तीनदा वाचली आहे. त्या पानावर कधी थांबलो नव्हतो.

“मग तुमच्या स्मरणिकेतून काका कुठे गेले हो?”

हे काका म्हणजे माझे जुने सहकारी. आमच्या कॉलेजचे ग्रंथालय त्यांनी रद्दीवाल्यांकडे पायपीट करून उभे केले. पुढे चालकांशी त्यांचे बिनसले आणि ते नोकरी सोडून गेले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास मी लिहिला. ‘ते नाव नको’, एवढीच सूचना आली. मी लिहिले, ‘अल्पावधीतच एक समृद्ध ग्रंथालय उभे राहिले.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष! उभे करणाराच नाही. आणि खरे सांगायचे तर, त्या वाक्यावर मी खूष होतो. घरी मोठ्याने वाचून दाखवले होते. तेच तिच्या लक्षात राहिले.

“पहिला खर्डा फाडलात?”

“नाही. ड्रॉवरमध्ये आहे.”

तिने तो काढून वाचला. काकांवर दीड पान होते. “त्यांना दाखवलंत?”

मी चष्मा पुसत बसलो.

काकांचे घर इथून बसने तीन थांबे. गेल्या दोन वर्षांत मी गेलेलो नाही. यंदा सौभाग्यवतींनी त्यांच्यासाठी चकल्यांचा डबा भरला आहे. त्याच पिशवीत मुलीने खर्डा घडी करून ठेवला आहे. रविवारी ती बरोबर येणार म्हणते.