वायफाय कार्ड बदलण्याआधी

लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायचं म्हटलं की डोळे आधी जातात ते वेगाच्या आकड्याकडे. आपल्या कार्डाचा वेग ४३३ मेगाबिट, नव्याचा २,४०२, मग विचार कसला करायचा? माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. तो खरा असला तरी तुमच्या लॅपटॉपात तो उतरेल की नाही, हे भलत्याच गोष्टींवर ठरतं.

आधी पाहायचं, कार्ड सुटं आहे का. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत वायफायची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि तिथे विषय संपतो. इंटेलच्या कार्डाच्या लेबलवर मॉडेलच्या शेवटी ‘एनजीडब्ल्यू’ ही अक्षरं असली तर ते स्क्रू काढून निघणारं, ‘डी२डब्ल्यू’ असली तर बोर्डावर बसवलेलं. लॅपटॉप उघडायचा नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरची त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उघडून पाहावी. कार्ड काढायचं प्रकरण तिच्यात असलं तर ते निघतं.

सुटं कार्ड आजकाल एम.२ प्रकारचं असतं, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणून त्याला २२३० म्हणतात. दहाबारा वर्षांहून जुन्या लॅपटॉपात मिनी पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट सापडेल. तो वेगळा, त्याची कार्डंही वेगळी आणि अँटेनाची टोकंसुद्धा मोठी.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पुढच्या मुद्द्यावर. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही दोन कार्डं शेजारी ठेवली तर जुळी भावंडं वाटतात. आकार तोच, वेगही तोच. पण एएक्स२०० हे पूर्ण कार्ड आहे आणि एएक्स२०१ अर्धं. वायफायचं काम दोन भागांत चालतं: एक भाग रेडिओलहरी पकडतो आणि सोडतो, दुसरा त्या लहरींतून माहितीची पाकिटं बांधतो आणि उलगडतो. इंटेलने २०१७-१८ पासून यातला दुसरा भाग बऱ्याच प्रोसेसर-चिपसेटांच्या आतच घातला. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. कार्डावर उरला तो फक्त रेडिओ. त्यामुळे कार्ड स्वस्त पडतं, पण त्याचं उरलेलं अर्धं अंग इंटेलच्या त्या प्रोसेसरमध्येच असतं.

असं अर्धं कार्ड एएमडी रायझनच्या लॅपटॉपात छान बसतं, स्क्रूसुद्धा लागतो आणि विंडोजला ते दिसतच नाही. दुकानदार म्हणतो कार्ड चालू आहे, गिऱ्हाईक म्हणतं बंद आहे, आणि दोघांचंही खरं असतं. म्हणून लक्षात ठेवा: एएक्स२००, एएक्स२१० ही पूर्ण कार्डं, एएक्स२०१, एएक्स२११ अर्धी. एएक्स२११ तर इंटेलच्याही सगळ्या पिढ्यांत चालत नाही. वायफाय ७ मध्ये बीई२०० पूर्ण आणि बीई२०१ अर्धं, मात्र बीई२०० पूर्ण असूनही इंटेल ते स्वतःच्याच प्रोसेसरसाठी देतं आणि एएमडीच्या लॅपटॉपांत ते बहुधा दगा देतं. रायझनवाल्यांनी एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२ घ्यावं. लॅमिंग्टन रोडच्या किंवा तापकीर गल्लीतल्या दुकानांत विचारताना ‘इंटेलचं वायफाय ६ कार्ड’ एवढं म्हणून भागणार नाही, पूर्ण नंबर सांगावा.

जुन्या थिंकपॅडमध्ये आणि एचपीच्या काही मॉडेलांमध्ये आणखी एक आडकाठी आहे. तिथल्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप चालू होतानाच अडून बसतो. हा अडथळा तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त, असं मला वाटतं. नव्या मॉडेलांत तो सहसा नसतो.

आता वेगाचा आकडा. २,४०२ मेगाबिट मिळायला दोन अँटेना आणि १६० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा चॅनेल लागतो, तोही समोरच्या राउटरकडे असायला हवा. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला राउटर वायफाय ५ चा, ८० मेगाहर्ट्‌झवाला असेल, तर नवं कार्डही ८६७ च दाखवेल. त्यातला प्रत्यक्ष हाती लागणारा वेग साधारण निम्मा ते दोन तृतीयांश. घरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर तुमचं जुनं ४३३ चं कार्डही तिला पुरून उरतं.

मग कार्ड बदलायचं कधी? एक तर ते फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालत असेल तेव्हा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच कोंबलेले असतात. दुसरं, घरातल्या घरात एका यंत्रातून दुसऱ्यात मोठ्या फाइली हलवायच्या असतील तेव्हा. तिसरं, लिनक्सवर ड्रायव्हर रडत असेल तेव्हा. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो, इंटेलचा कर्नेलमध्येच असतो.

एएक्स२१० ला वायफाय ६ई, म्हणजे ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही येतो. अमेरिकेने २०२० मध्ये या पट्ट्यातले १,२०० मेगाहर्ट्‌झ खुले केले, म्हणून तिथे मुलांकडे राहणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. भारतात मे २०२५ मध्ये जो मसुदा निघाला तो फक्त खालच्या ५०० मेगाहर्ट्‌झपुरता. शिवाय राउटरही ६ईचा हवा आणि विंडोज वापरत असाल तर ते ११ हवं. केवळ याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बसवण्याचं काम सोपं. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, लॅपटॉप पूर्ण बंद करावा, बॅटरीची पिन काढावी. पडद्याभोवतीच्या अँटेनांच्या दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, कार्डावर टिचबटणासारख्या बसतात. कोणती कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवावा, उचलताना सरळ वर उचलाव्यात आणि तिरकं दाबू नये. स्वस्त लॅपटॉपात तार एकच निघाली, तर दोन अँटेनांचं कार्ड निम्म्याच वेगाने चालेल.

सोल्डर केलेल्या चिपवाल्यांना यूएसबी डोंगल हा मार्ग उरतो. नखाएवढा डोंगल घेऊ नये, त्याची अँटेनाही तेवढीच असते. थोडा मोठा, ५ गिगाहर्ट्‌झवाला घ्यावा. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट निघतो, म्हणून त्या पट्ट्यावर वापरायचाच असेल तर हातभर एक्स्टेंशन केबल लावून तो लॅपटॉपपासून दूर ठेवावा.